घरचे माणूस तैनातीवर असताना घर थांबवून ठेवू नका

एका ताईंचे पती ९ महिन्यांच्या लष्करी तैनातीवर गेले आहेत आणि त्याला दीड महिना झाला आहे. घरी ११ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. फोन कधी तीन दिवसांनी येतो, तर कधी दहा दिवस येत नाही. फोन हातात धरून ताई रात्र-रात्र जाग्या राहतात. मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागला आहे, मुलगी काहीच बोलत नाही आणि सासूबाईंचा सगळा दिवस बातम्या पाहण्यात जातो. पती निघण्याच्या आदल्या रात्री दोघांचे भांडण झाले होते, ते मनातून जात नाही. आणि परवा शेजारणीच्या बोलण्यावर खळखळून हसू आले, तेव्हा आपल्या हातून काही गुन्हा घडल्यासारखे त्यांना वाटले. उरलेले साडेसात महिने काढायचे कसे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, सैनिकांच्या कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना मला २० हून अधिक वर्षे झाली आहेत, आणि तुम्ही वापरलेला ‘काढायचे’ हा शब्द मी जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकला आहे. दिवस काढायचे, म्हणजे माणूस परत येईपर्यंत सगळे जसेच्या तसे धरून ठेवायचे, नवे काही करायचे नाही, मनापासून हसायचे नाही आणि तो दारात दिसला की मग पुन्हा जगायला लागायचे. नऊ महिने असे राहणे कोणालाही शक्य नसते, आणि जे तसा प्रयत्न करतात ते परतीच्या वेळेपर्यंत इतके थकून जातात की स्वागत करण्याचेही त्राण उरत नाही. म्हणून माझे सांगणे असे की घर थांबवून ठेवू नका. ते चालू द्या, बदलू द्या, आणि जे बदलेल ते दूर असलेल्या माणसाला कळत राहील एवढे पाहा.

तुम्हाला जे होते आहे त्याला अभ्यासकांनी नाव दिलेले आहे. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात एक कल्पना मांडली. तिला मराठीत ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. माणूस गेलेला नाही, पण तो समोरही नाही. त्यामुळे मन धड शोक करू शकत नाही आणि धड निश्चिंतही होऊ शकत नाही. तैनातीवरचा माणूस बेपत्ता नसतो, तरीही ही ओढाताण घरच्यांना तशीच जाणवते: ताटे मांडताना हात एक ताट जास्त काढतो, आणि ते परत ठेवताना उगाच अपराधी वाटते. या अवस्थेत मनाची दोन टोके एकाच वेळी खरी असतात. तो आपला आहे आणि तो इथे नाही. दोन्ही वाक्ये एकत्र धरता येणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती हळूहळू जमते.

दिवसांचाही एक सर्वसाधारण क्रम असतो. अमेरिकी नौदलातील कुटुंबांच्या अनुभवावरून कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ मध्ये या काळातल्या भावनांचे सात टप्पे मांडले. पुढे २००१ मध्ये सैन्यातील मानसोपचार क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी तेच चित्र पाच टप्प्यांत बसवले: निघण्यापूर्वीचा काळ, पहिला महिना, मधला सलग काळ, परतीपूर्वीचा महिना आणि परतल्यानंतरचे तीन ते सहा महिने. प्रत्येक घर या क्रमाने जातेच असे नाही. पण पहिल्या महिन्यात झोप, भूक आणि कामाची घडी विस्कटते व दुसऱ्या महिन्यापासून ती पुन्हा बसू लागते, हे मी स्वतः पुष्कळ वेळा पाहिले आहे. तुम्ही नेमक्या त्या वळणावर आहात. तुम्हाला आलेले हसू हे घडी बसू लागल्याचे लक्षण आहे. त्यात पतीशी कोणतीही प्रतारणा नाही, आणि ते दाबून टाकल्याने त्यांच्या सुरक्षिततेत तिळभरही भर पडत नाही.

आता ‘कळत राहील’ म्हणजे काय, ते एका घरातल्या प्रसंगावरून सांगतो. वर्षभराच्या तैनातीनंतर एक सैनिक घरी परतले. पहिल्याच रात्री वीज गेली, म्हणून ते सवयीने उठले आणि स्वयंपाकघरातला उजवीकडचा खण उघडून टॉर्चसाठी हात घातला. हाताला चमचे लागले. त्यांच्या पत्नीने सात-आठ महिन्यांपूर्वी खण बदलले होते, कारण धाकट्या मुलाचा हात त्या खणापर्यंत पोचू लागला होता आणि टॉर्चबरोबर ठेवलेली कात्री वर हलवणे भाग होते. त्यांनी योग्यच केले होते. पण तो माणूस अंधारात उघड्या खणासमोर बराच वेळ उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून म्हणाला, ‘मला माझ्या घरातली टॉर्च विचारून घ्यावी लागली.’ त्यांच्यात नंतर जी भांडणे झाली ती वरवर पैशावरून आणि मुलांच्या अभ्यासावरून होती. खाली मात्र हा खण होता. रूबेन हिल यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कुटुंबांवर केलेला अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही वियोगाशी जुळवून घेणे आणि पुनर्भेटीशी जुळवून घेणे या दोन वेगवेगळ्या कसोट्या म्हणून तपासलेल्या आहेत. पहिल्या कसोटीला उत्तम उतरलेले घर दुसऱ्या कसोटीला आपोआप उतरते असे नाही.

त्यामुळे एक वही करा. मुलाचा पहिला दात पडला, मुलीने शाळेला वेगळ्या रस्त्याने जायला सुरुवात केली, बिल भरण्याची तारीख बदलली, सोफा खिडकीखाली सरकवला, असे जे जे घडेल ते एकेका ओळीत लिहून ठेवा. फोनवर यातले दोन-तीन तपशील सांगा, उरलेले पत्रात किंवा संदेशात लिहा. दूर असलेल्या माणसाला ‘सगळे ठीक आहे’ या वाक्याने घर दिसत नाही. खण कुठला बदलला, हे कळले की दिसते. पत्रे पाठवत असाल तर प्रत्येकावर क्रमांक घाला, कारण ती पुढेमागे पोचतात आणि तिसऱ्या पत्रात मूल बरे झाल्याचे वाचून दुसऱ्या पत्रात ते आजारी पडल्याचे वाचण्याची वेळ येते.

अडचणीची बातमी सांगावी की लपवावी, यावर सैनिकांच्या घरांत नेहमी मतभेद असतात. माझे मत लपवू नये असे आहे, पण सांगण्याची रीत महत्त्वाची आहे. ‘मुलाला खूप ताप आहे, मला काही सुचत नाही’ हे वाक्य ऐकून दूरच्या माणसाच्या हातात फक्त असहायता उरते. ‘परवा ताप आला होता, डॉक्टरांना दाखवले, औषध चालू आहे आणि आज तो खेळतो आहे’ हे वाक्य त्याला घरात सामील करून घेते. एखादी बातमी नंतर दुसऱ्याकडून कळली, तर पुढच्या प्रत्येक ‘ठीक आहे’वर त्याचा विश्वास बसत नाही. मृत्यू, अपघात किंवा गंभीर आजार अशी तातडीची बातमी मात्र केवळ स्वतःच्या फोनवर अवलंबून न ठेवता युनिटच्या अधिकृत मार्गाने कळवावी, म्हणजे ती ऐकताना त्यांच्याजवळ कोणीतरी असेल आणि रजेचा विचारही लगेच होऊ शकेल.

फोन न येण्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण सर्वांत जास्त रात्री त्याच भीतीत जातात. संपर्क तुटण्याची कारणे पुष्कळ असतात: तुकडी हलते आहे, जहाज संपर्काबाहेर आहे, हवामान बिघडले आहे, मोहीम सुरू आहे. आणखी एक कारण असते, जे घरच्यांना कोणी नीट समजावून सांगत नाही. तुकडीतले कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर अनेक सैन्यांत त्या माणसाच्या कुटुंबाला अधिकृत निरोप मिळेपर्यंत संपूर्ण तळावरचे खासगी फोन आणि इंटरनेट बंद ठेवतात. हे ऐकून पोटात गोळा येतो, मला ठाऊक आहे. तरी ते समजून घ्या. अशा वेळी शेकडो घरांचे फोन एकदमच गप्प होतात. अमेरिका आणि ब्रिटनच्या सैन्यांत मृत्यूची बातमी अधिकारी प्रत्यक्ष घरी येऊन सांगतात. तुमच्या पतीच्या युनिटची पद्धत कोणती, हे कुटुंब कल्याणाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना आजच विचारून घ्या. वाईट बातमी कोणत्या मार्गाने येते हे नक्की ठाऊक असले, म्हणजे फोनचे गप्प राहणे हीच बातमी मानण्याची सवय सुटू लागते.

रात्री फोन हातात ठेवू नका. बहुतेक फोनमध्ये ठरावीक क्रमांकांची घंटा तेवढी वाजेल आणि बाकी सारे बंद राहील, अशी सोय असते. पतीचा, युनिटचा आणि जवळच्या एक-दोन माणसांचा क्रमांक त्या यादीत घाला, आवाज मोठा ठेवा आणि फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा. फोन आला तर तुम्हाला जाग येईलच. काळजीसाठी दिवसातली वीस मिनिटे वेगळी काढा, शक्यतो संध्याकाळी, आणि त्या वेळात मनात येईल ते कागदावर उतरवा. रात्री तेच विचार आले तर ‘हे उद्याच्या वेळेचे’ असे मनाशी म्हणून बाजूला सारा. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही. दोन-तीन आठवडे रोज केले तर बहुतेकांची झोप सुधारते.

मुलाच्या अंथरूण ओले करण्यावर रागावू नका आणि त्याची चर्चाही करू नका. एवढ्या लहान वयात ताण आला की मूल शिकलेली एखादी गोष्ट तात्पुरती सोडून मागे जाते. चादर बदला, पाठीवर हात फिरवा आणि झोपवा. लघवीला जळजळ, ताप किंवा फार तहान असेल, अथवा हे बरेच आठवडे थांबले नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. चार वर्षांच्या मुलाला ‘साडेसात महिने’ म्हणजे किती ते कळत नाही आणि ‘बाबा कामावर गेलेत’ एवढेच सांगितले तर तुम्ही कामाला निघालात की तो घाबरतो. ‘बाबा दूरच्या कामावर आहेत, ते काम पुष्कळ दिवसांचे आहे, आई रोज संध्याकाळी घरी येते’, असे स्पष्ट सांगा. बाबांच्या आवाजात गोष्टी ध्वनिमुद्रित करून घेता आल्या तर झोपताना त्या ऐकवा.

उलटी मोजणी मात्र करू नका. तारखांवर फुल्या मारणे किंवा कागदी साखळीची रोज एक कडी तोडणे मोहाचे असते, पण तैनातीची तारीख पुढे जाऊ शकते. एप्रिल २००७ मध्ये इराक आणि अफगाणिस्तानात असलेल्या अमेरिकी सैनिकांची तैनाती १२ वरून १५ महिन्यांवर नेल्याचे जाहीर झाले, तेव्हा कितीतरी घरांतल्या मुलांना शेवटची कडी तोडूनही बाबा किंवा आई आलेली दिसली नसेल. मी घरांना काचेची मोठी बरणी ठेवायला सांगतो. रोज रात्री मुलाने तीत एक खडा टाकायचा. बरणी भरत जाते, किती दिवस आपण पार केले ते डोळ्यांना दिसते, आणि तारीख पुढे गेली तरी दिलेले कोणतेही वचन मोडत नाही. खडा बरणीत पडल्याचा तो ‘टक्’ असा आवाज ऐकला की दिवस संपला, हे चार वर्षांच्या मुलालाही समजते.

मला अधिक काळजी वाटते ती न बोलणाऱ्या मुलीची. या वयाच्या मुली घरातला ताण ओळखतात आणि आपल्यामुळे आईला आणखी त्रास नको म्हणून गप्प राहतात. ‘आता तूच घरातली मोठी, आईला सांभाळ’ असे तिला कोणीही, अगदी आजीनेही, म्हणू नये याकडे लक्ष द्या. तिला काम जरूर द्या, पण ते तिच्या वयाला झेपेल असे असावे, तुमच्या पतीच्या वाट्याचे नव्हे. समोर बसवून ‘तुला काय वाटते?’ असे विचारल्यावर ती ‘काही नाही’ म्हणेल. रस्त्याने चालताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, डोळ्याला डोळा न भिडवता, ‘मला आज बाबांची फार आठवण आली’ एवढे तुम्ही आधी बोला आणि पुढे काही विचारू नका. तिच्या वर्गशिक्षिकेला तैनातीची कल्पना द्या. वडिलांना तिने स्वतंत्र पत्र लिहावे आणि ते तुम्ही वाचू नये.

अमेरिकी सैनिकांच्या मुलांविषयी २०१० मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात मुलांच्या अडचणींशी दोन गोष्टींचा संबंध दिसला: तैनातीचे एकूण महिने, आणि घरी राहिलेल्या पालकाचे मानसिक आरोग्य. महिने तुमच्या हातात नाहीत. दुसरी गोष्ट बरीचशी आहे. म्हणून तुमची झोप, तुमचे जेवण आणि तुमच्या मैत्रिणी हा मुलांच्या संगोपनाचाच भाग समजा. मदत करू का असे कोणी विचारले तर ‘कळवीन’ म्हणू नका, नेमके काम सांगा: मंगळवारी मुलीला शिकवणीहून आणाल का, शनिवारी सकाळी दोन तास मुलाला सांभाळाल का. लोकांना मदत करायची असते, पण काय करावे हे त्यांना सुचत नाही.

सासूबाईंकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवे. तुमचा पती म्हणजे त्यांचा मुलगा. तरीही युनिटचे निरोप तुम्हाला येतात, फोन आधी तुम्हाला येतो आणि त्यांच्या वाट्याला उरलेली मिनिटे येतात. दिवसभर बातम्या पाहणे हा त्यांचा मुलाजवळ राहण्याचा एकमेव मार्ग आहे. टीव्ही बंद करा असे सांगण्याऐवजी पुढचा फोन आला की पहिली दोन मिनिटे त्यांना द्या, आणि वहीतल्या नोंदी त्यांनीही लिहाव्यात असे सुचवा. मग बातम्या दिवसातून दोनदाच आणि मुले समोर नसताना पाहायच्या, हे ठरवणे सोपे जाईल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये लहान मुलांची निवासी पाळणाघरे चालवताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी नोंदवले होते की बॉम्बहल्ल्यापेक्षा आईपासून दूर होणे मुलांना अधिक हादरवते, आणि आई शांत असेल तर मूलही बरेचसे शांत राहते. मुलांना बातमीतला नकाशा कळत नाही, पण तो पाहताना आजीचा चेहरा कसा झाला हे मात्र नक्की कळते.

पतीचे ठिकाण, तुकडीची हालचाल किंवा परतीची तारीख समाजमाध्यमांवर लिहू नका, आणि मुलीलाही हे कारणासह समजावून सांगा. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उजळून दिसत होत्या, आणि त्यावरून लष्करी तळांच्या जागा ओळखता येतात हे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. कोणाचाही वाईट हेतू नसताना हे घडले होते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: मुखत्यारपत्र, बँक खात्यावर तुमचा अधिकार, विमा आणि वारसदारांच्या नोंदी, युनिटचा पत्ता आणि आपत्कालीन क्रमांक एका फायलीत एकत्र ठेवा. काही राहिले असेल तर पुढच्याच फोनवर ते विचारून घ्या.

काही गोष्टींत मात्र वाट पाहत थांबू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप किंवा भूक जवळजवळ गेली असेल, कशातच मन लागत नसेल, मुलांवर हात उगारला जात असेल, झोपेसाठी दारूचा किंवा गोळ्यांचा आधार घ्यावा लागत असेल, तर डॉक्टरांकडे जा. जगू नये असे एकदाही मनात आले, तर त्याच दिवशी कोणाला तरी बरोबर घेऊन जा. तुमच्या उपचारांमुळे पतीच्या नोकरीवर डाग लागेल, या भीतीने कित्येक बायका गप्प राहतात. तुमचे दुखणे हे तुमचे आहे, आणि त्यावर उपचार घेण्याचा अधिकारही तुमचाच आहे.

परतीबद्दल आत्ताच बोलतो, कारण तेव्हा उशीर होतो. पहिल्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका. घरची सगळी कामे पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे सोपवू नका आणि सगळी स्वतःकडेही ठेवू नका. वही समोर ठेवून एकेक वाटून घ्या. धाकटा त्यांच्याजवळ जाणार नाही, तुमच्या मागे लपेल. त्याला पुढे ढकलू नका आणि पतीला आधीच सांगून ठेवा की असे होईल. त्यांची झोप काही दिवस उलटसुलट राहील, आवाजाने ते दचकतील, गर्दी टाळतील. हे हळूहळू ओसरायला हवे. महिन्याहून जास्त दिवस भयानक स्वप्ने, एकदम उसळणारा राग किंवा घरच्यांपासून तुटून राहणे चालूच राहिले, तर तज्ज्ञांना दाखवा.

राहिले आदल्या रात्रीचे भांडण. निघण्यापूर्वीच्या दिवसांत भांडणे फार घरांत होतात. रडवेल्या माणसाला सोडून निघण्यापेक्षा रागावलेल्या माणसाला सोडून निघणे मनाला सोपे वाटते, म्हणून दोघेही नकळत कारण शोधतात. कारण कोणतेही असो, त्या भांडणाचा विषय फोनवर काढू नका. मध्येच लाइन तुटली तर अर्धे वाक्य आठवडाभर दोघांना छळेल. पत्रात लिहा, आणि फार लिहू नका. त्या रात्री मी जे बोलले ते भीतीपोटी बोलले, ते मला आजही टोचते, आणि तुमच्या मनात काही राहिले असेल तर परत आल्यावर सावकाश बोलू, एवढी तीन वाक्ये पुरेत. त्याखाली क्रमांक घाला, आणि मुलगा आज बरणीत खडा टाकताना काय म्हणाला, ते लिहा.